निघण्याआधीचा फोन

या पानावर लोक जे अनुभव लिहितात ते मी चहा पिताना वाचते, आणि बहुतेक वेळा मनात म्हणते, झोप कमी झाली असेल. खोटं कशाला बोलू. माझं कामच असं आहे की काही बिघडलं तर त्याला कारण असतंच. वायर सुटलेली असते, पासवर्ड बदललेला असतो, नाहीतर कोणीतरी नको ते बटण दाबून 'मी तर काहीच केलं नाही' म्हणत उभा असतो. कारण सापडलं नाही म्हणजे आपण नीट शोधलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. पन्नाशी उलटेपर्यंत माझं या एका समजुतीवर उत्तम चाललं. त्यामुळे आज तुमच्या रांगेत येऊन बसताना मलाच जरा अवघडल्यासारखं होतंय...

मी जबलपूरची. आजोबा अमरावतीकडून इथे आले, वडिलांची नोकरी शहराच्याच रांझी भागात. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, असं आमचं तीन पिढ्यांचं चाललंय. राइट टाउनमधल्या एका खाजगी हॉस्पिटलात मी सर्व्हर आणि नेटवर्क सांभाळते. हॉस्पिटलचं नाव देत नाही, माणसांची नावंही बदलली आहेत.

हे काम मला शिकवलं मेश्राम सरांनी. ते माझे साहेब होते, त्यांच्यानंतर त्यांची खुर्ची मला मिळाली. उंच, सडपातळ, शर्टाच्या खिशात कायम छोटा स्क्रूड्रायव्हर. बोलणं पक्कं नागपुरी. मी चिडून टाइप करायला लागले की पाठीमागून आवाज यायचा, "ताई, त्या कीबोर्डनं काय केलं तुमचं? त्याच्यावर राग काहून काढून राहिल्या?"

सरांची एक सवय होती, आणि पुढचं सगळं तिच्यावरच आहे, म्हणून नीट सांगते. संध्याकाळी घरी निघण्याआधी ते इंटरकॉमवरून एकेका विभागाला फोन करायचे. आधी फार्मसी, मग पॅथॉलॉजी, मग वरच्या मजल्यावर आयसीयू, आणि मी सर्व्हर रूममध्ये असले तर शेवटी मला. प्रश्न एकच: "अडलं का काही?" पलीकडून 'नाही' आलं की म्हणायचे, "चलो, मग निघतो." कोणी 'हो' म्हटलं की पिशवी परत खुर्चीवर. ते अडलेलं सुटेपर्यंत माणूस हलायचा नाही. एकदा मुलीच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि हे पॅथॉलॉजीतल्या प्रिंटरसमोर मांडी घालून बसलेले. त्यांच्या बायकोने मला फोन करून विचारलं होतं, की त्या प्रिंटरलाच घेऊन या म्हणावं का.

आम्ही सगळे या फोनला इतके सरावलो होतो की उत्तर तोंडात तयारच असायचं. नाही सर, निघा.

सर रिटायर झाले, पुढे त्यांच्या मिसेस गेल्या, मुलगी पल्लवी नोकरीला पुण्यात. सर एकटेच राहायचे, पण महिन्यातून एखादी चक्कर हॉस्पिटलकडे असायचीच. यायचे, सर्व्हर रूमच्या दारातून आत बघायचे, "ताई, थंड आहे ना मशीन?" असं विचारून चहा पिऊन जायचे.

ज्या आठवड्याबद्दल लिहितेय, त्या आठवड्यात सर आमच्याच हॉस्पिटलात आले, पण स्ट्रेचरवर. मेंदूत रक्तस्राव. आयसीयूत घेतलं, घशात नळी, व्हेंटिलेटर. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं की आता करण्यासारखं फारसं काही नाही, नातेवाईकांना बोलवून घ्या. मी पल्लवीला कळवलं. तिला पुण्याहून नागपूरपर्यंतचं तिकीट मिळालं, तिथून पुढे ती टॅक्सीने येणार होती. नागपूरला उतरल्यावर तिने फोन केला. रडत नव्हती, वडिलांसारखीच आहे. म्हणाली, "ताई, बाबांना सांगा ना, मी येऊन राहिली. थांबा म्हणा."

तो रविवार होता. दुपारी मी आयसीयूत गेले. तिथली सिस्टर अंजू नवीन, त्याच महिन्यात लागलेली. सरांना ती फक्त पेशंट म्हणून ओळखत होती. तिने मला दोन मिनिटं दिली. बेशुद्ध माणसाच्या कानात बोलणं मला नेहमीच नाटकी वाटतं. तरी वाकून सांगितलं, "सर, पल्लवी निघाली आहे नागपूरहून. तेवढं थांबा." काही हललं नाही. व्हेंटिलेटर आपला उसासे टाकत होता, मॉनिटर बारीक आवाजात टुक टुक करत होता. मी खाली आले.

खाली माझं दुसरं दुखणं वाट पाहत होतं. आमच्या मुख्य सर्व्हरमध्ये डिस्क सांभाळणारं एक कार्ड असतं, त्याच्या फर्मवेअरमध्ये दोष निघाला होता. फर्मवेअर म्हणजे त्या कार्डाच्या आतच बसवलेला प्रोग्राम. त्या दोषापायी सर्व्हर चालता चालता गोठायचा. आठवड्यात दोनदा गोठला, आणि दोन्ही वेळा आयसीयूतल्या पेशंटचे रिपोर्ट वर पोहोचायला उशीर झाला. आता वर कोण आहे हे मला माहीत होतं. अपडेट टाळणं शक्य नव्हतं. रविवारी दुपारी ओपीडी बंद असते, म्हणून तीच वेळ ठरवली आणि सगळ्या विभागांना तेवढ्यापुरतं कागदावर काम करायला सांगितलं.

आमचा सर्व्हर इंटरनेटला जोडलेला नाही, ती सरांचीच शिस्त. त्यामुळे अपडेटच्या फाइली आधी दुसऱ्या एका मशीनवर आणून ठेवायच्या. त्या साठ्याला आम्ही रिपॉझिटरी म्हणतो. मग मुख्य सर्व्हर बंद करायचा, अपडेटच्या डिस्कवरून सुरू करायचा, आणि त्याने नेटवर्कवरून त्या साठ्यातल्या फाइली उचलून स्वतःला दुरुस्त करून घ्यायचं. कागदावर अगदी सोपं काम आहे.

झालं असं, की सर्व्हरला साठा सापडेचना. स्क्रीनवर एकच ओळ — रिपॉझिटरीपर्यंत पोहोचता येत नाही. मी केबल बदलली. नेटवर्कच्या स्विचवरची जागा बदलली. पत्ता तपासला, पासवर्ड पुन्हा टाकला, फोल्डरच्या परवानग्या पाहिल्या, फाइलींची यादी नव्याने बनवली. गंमत म्हणजे दोन्ही मशीन एकमेकांना हाक मारली, म्हणजे पिंग केलं, की ओ देत होती. ओ मिळते, पण दार उघडत नाही. कंपनीच्या सपोर्टवाल्याला फोन लावला. अपडेटला हात लावण्याआधी दोन्ही पॉवर केबल काढून मशीन थोडा वेळ तसंच ठेवा, असं त्यानेच सांगितलं होतं आणि मी केलंही होतं. आता तो मला तेच सगळं पहिल्यापासून पुन्हा करायला सांगत होता. मी म्हटलं, भैया, ये सब हो गया. तो म्हणाला, मॅडम, वरिष्ठांना विचारतो. आणि मला त्याच्या कंपनीची धून ऐकवत ठेवलं.

मध्येच पल्लवीचा फोन आला. तिलवाऱ्याला नर्मदेच्या पुलाअलीकडे एक ट्रक आडवा झालाय, गाड्यांची रांग लागलीय. पुलावर पाऊल ठेवलं की शहर आलंच समजायचं, आणि ही नेमकी तिथेच अडकलेली. "बाबा कसे आहेत?" मी म्हटलं, आहेत तसेच आहेत, तू ये. याहून जास्त मला काय सांगता येणार होतं? वर एक माणूस, ज्याच्यासाठी मी काही करू शकत नाही. पुलाशी एक मुलगी, तिच्यासाठीही नाही. आणि समोर एक लोखंडी पेटी, जी माझ्या हातातली असूनही ऐकत नाही.

सर्व्हर रूममध्ये थंडी फार, म्हणून मी दार उघडं ठेवून स्टूल उंबऱ्यावर घेतलं होतं. कॉरिडॉर रिकामा. रविवारी दुपारी आमचं हॉस्पिटल इतकं शांत असतं की पलीकडच्या खोलीतला पंखा ऐकू येतो. कानाला सपोर्टवाल्याची धून लावून मी बसले होते. पुढच्या टोकाला, फार्मसीत, इंटरकॉम वाजला. कोणीतरी उचलला. थोड्या वेळाने अलीकडे, पॅथॉलॉजीत वाजला. तोही उचलला. मग बराच वेळ काही नाही. तेव्हा मी यातलं काहीच मनावर घेतलं नाही. फोन वाजतात हॉस्पिटलात.

मग माझ्या पाठीमागे, सर्व्हर रूमच्या भिंतीवरचा इंटरकॉम वाजला.

आता जे लिहितेय ते जसं झालं तसंच लिहितेय. मी मोबाइल बाजूला ठेवला, एका कानात बोट घातलं, कारण आत पंख्यांचा आवाज फार असतो, आणि रिसीव्हर उचलला.

"ताई, अडलं का काही?"

मी म्हटलं, "हो ना सर. रिपॉझिटरी उघडून नाही राहिली. पिंग होतंय, पण आत घेत नाही."

"पॉवर काढली होती का?"

"काढली होती. सपोर्टवाल्यानं सांगितलं होतं."

"मग घड्याळ पहा ना मशीनचं. त्याचा सेल मेला असंल. तारीख मागं गेली तर साठा कसा ओळखंल त्याला?"

मी मान वळवून स्क्रीनच्या कोपऱ्यात पाहिलं. कित्येक वर्षांपूर्वीची एक जानेवारी. सगळी दुपार ती तारीख तिथेच होती, माझ्या डोळ्यांसमोर. रिपॉझिटरी उघडताना एक प्रमाणपत्र तपासलं जातं. सर्व्हरच्या घड्याळानुसार ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलं नव्हतं, म्हणून तो दार उघडत नव्हता.

"पहा तुम्ही," सर म्हणाले. "तंवर मी थांबतो."

मी रिसीव्हर रॅकवर आडवा ठेवला. मशीन पुन्हा सुरू केलं, सेटिंगमध्ये जाऊन तारीख-वेळ नीट केली, अपडेटच्या डिस्कवर परत आले. हे सर्व्हर सुरू व्हायला वेळ घेतात, चहा करून प्यायला होईल इतका. तेवढा वेळ रिसीव्हर तसाच पडून होता आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. सर फोनवर थांबायचेच. साठा उघडला. फाइलींची यादी आली. एकेक ओळ हिरवी व्हायला लागली. मी रिसीव्हर उचलला.

"झालं सर. घेऊन राहिला."

"आता अडलं नाही ना काही?"

"नाही सर."

"चलो. मग निघतो."

"हो, निघा सर," मी म्हटलं, आणि फोन ठेवला.

फोन ठेवला, आणि मग मला कळलं.

कसं सांगू... इतकी वर्षं जो प्रश्न ऐकला त्याला मी इतकी वर्षं दिलेलं उत्तर दिलं होतं. मधली सगळी वर्षं, रिटायरमेंट, स्ट्रेचर, घशातली नळी — त्या दोन-चार वाक्यांत माझ्या डोक्यात यातलं काहीही नव्हतं. सरांच्या आवाजामागे एक बारीक टुक टुक येत होती, तीसुद्धा मला यूपीएसची वाटली होती. यूपीएसकडे पाहिलं. तो गप्प होता.

मी जिन्याकडे धावले. फार्मसीतला राकेश समोरून येत होता, चेहरा फुललेला. "दीदी, सर को होश आ गया क्या? अभी फोन आया था उनका. वही, अटका तो नहीं कुछ. मैंने भी बोल दिया, नहीं सर, आप निकलो." मी त्याला मागे टाकून वर गेले. तोही मागून आला.

आयसीयूच्या दारात पोहोचले तेव्हा आत डॉक्टर होते आणि पडदा ओढलेला होता. सिस्टर अंजू बाहेर आली. मला पाहून तिने मान हलवली. म्हणाली, दीदी, अचानक हुआ, कोशिश की, पर नहीं...

मी तिला विचारलं, इथला इंटरकॉम वाजला होता का? असल्या वेळी हा काय प्रश्न, असं तिच्या चेहऱ्यावर आलं. पण ती म्हणाली, हो, थोड्या वेळापूर्वी. कोणी बुजुर्ग होते, विचारत होते काही अडलंय का, मी म्हटलं नाही जी, सब ठीक है. मला वाटलं कम्प्युटरवाल्यांपैकी कोणी असेल. तिचं टेबल सरांच्या पलंगाच्या अगदी समोर आहे. ती सरांकडे तोंड करूनच तो फोन घेत होती.

पल्लवी त्यानंतर आली. तिची गाडी पुलाजवळून सुटायला आणि माझा फोन ठेवायला फार अंतर नसावं. मी मोजलं नाही. मोजायचं नाही असं ठरवलं आहे.

आता कारणांकडे येते, कारण मी गप्प बसणारी नाही. पहिला विचार हा, की सेल आणि तारखेचं मला सरांनीच कधीतरी शिकवलं असणार, थकलेल्या डोक्याने ते त्यांच्या आवाजात परत ऐकवलं असेल. होऊ शकतं. पण मग राकेश? पॅथॉलॉजीतल्या दीदीला मी दोन दिवसांनी, काही न सुचवता, सहज विचारलं. तिनेही तेच सांगितलं, आणि वर म्हणाली की मला वाटलं सर तुमच्याकडे बसलेत. कोणी चेष्टा केली म्हणावं, तर सरांच्या बोलण्याची नक्कल करणारा, फोनचा क्रम माहीत असलेला, आणि सर्व्हरचं घड्याळ मागे गेलंय हे मला दिसण्याआधी ज्याला कळलं असा माणूस आमच्याकडे नाही. असता तर मी त्याला केव्हाच माझ्या हाताखाली घेतलं असतं. इंटरकॉम दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. त्याने एक्स्चेंज उघडून पाहिलं, म्हणाला, मॅडम, आतल्या आत केलेल्या कॉलची यात नोंदच राहत नाही. लाइनी ठीक आहेत. आणखी काय पाहू?

सपोर्टवाल्याचा मेल आला, तक्रार बंद करायची आहे, समस्या कशी सुटली ते कळवा. मी लिहिलं, घड्याळ दुरुस्त केलं, सेल बदलला. त्याखाली एक रकाना होता, दोष कसा लक्षात आला. तो मी रिकामा सोडला.

डॉक्टर म्हणाले, इतका रक्तस्राव झालेला माणूस एवढा टिकला हेच जास्त. जे व्हायचं ते झालंच असतं. मी त्यांचं मानते. मी रडत बसलेली नाही आणि स्वतःला कोसत बसलेली नाही. सर्व्हर तेव्हापासून एकदाही गोठला नाही.

पण पुण्यानुमोदनाच्या दिवशी सरांच्या घरी बुद्धवंदना झाल्यावर पल्लवी माझ्याजवळ येऊन बसली. हातात सरांचा तो छोटा स्क्रूड्रायव्हर, तोच फिरवत होती. म्हणाली, "ताई, तुम्ही बाबांना सांगितलं होतं ना? मी येऊन राहिली म्हणून?"

"सांगितलं होतं."

"मग थांबले काहून नाही? बाबा तर कोणाचं अडलं असलं की थांबत होते."

तोवर मी थांबतो, असं ते मला म्हणाले होते, आणि माझं होईपर्यंत खरंच थांबले होते. मग त्यांनी पुन्हा एकदा विचारलं, अगदी स्पष्ट विचारलं, आता काही अडलं नाही ना. आणि तिकडे तिलवाऱ्याच्या पुलाशी त्यांची मुलगी अडलेली होती, मला माहीत होतं, आणि मी म्हटलं, नाही सर.

तिथे दुसरं काही म्हटलं असतं तर काय झालं असतं, हे मला कोणी सांगू शकत नाही. तो फोन कुठून आला, तेही नाही. तुमच्यापैकी कोणाला कारण सुचलं तर जरूर कळवा, मी तपासून पाहीन.

एक फरक मात्र पडलाय. आता कोणी नुसतं विचारलं, काही अडलंय का, तर माझ्या तोंडून लगेच 'नाही' निघत नाही. आधी आठवून पाहते, कोण अजून रस्त्यात आहे.